दोन रेघा दिसल्या, आता काय?

गेल्या अंकात शुगरच्या पट्ट्यांबद्दल लिहिताना जाता जाता म्हटलं होतं की नशेच्या टेस्टबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, तर बाई गं, शुगरवर दोन पत्रं आणि यावर ढीग. इंदूरची तर आहेतच, ग्वाल्हेर-बडोद्याहूनही आली. एकतीस वर्षं लॅबच्या टेबलापाशी उभी राहिलेली बाई आहे मी, डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट. त्यामुळे औषध काय द्यावं ते मला विचारू नका, पण बाटलीत काय आहे आणि कागदावर काय छापलंय यातला फरक मला विचारा. नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न: ताई, मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. रात्री उशिरा येतो, डोळे लाल असतात, विचारलं तर चिडतो. शेजारच्या वहिनींनी सांगितलं म्हणून ऑनलाइन ते सहा ड्रग्सचं कार्ड मागवलं. परवा सकाळी तो घाईत फ्लश न करता गेला, मी तिथलंच थोडं ड्रॉपरने घेतलं आणि टाकलं. सहाही पट्ट्यांवर दोन-दोन रेघा आल्या, एकीवर दुसरी रेघ अगदी फिकट. म्हणजे हा सहाही गोष्टी घेतो का? यांना अजून सांगितलेलं नाही. तीन दिवस घास उतरत नाहीये.
एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर: अहो आधी जेवून घ्या. खरंच. दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह.

चूक तुमची नाही, आपल्या सगळ्या बायकांच्या डोक्यात दोन रेघा म्हणजे "आहे" हे प्रेग्नन्सीच्या पट्टीने पक्कं बसवलंय. नशेची पट्टी बरोब्बर उलटी चालते. पट्टीत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेल्या अँटिबॉडीज असतात, त्यामुळेच तो मरून रंग दिसतो, आणि टी लिहिलेल्या जागी त्या ड्रगचेच रेणू आधीपासून चिकटवून ठेवलेले असतात. लघवीत ड्रग नसेल तर अँटिबॉडीज मोकळ्या हाताने वर चढतात आणि टीपाशी त्या चिकटवलेल्या रेणूंना जाऊन धरतात, रेघ उमटते. लघवीत ड्रग असेल तर अँटिबॉडीजचे हात वाटेतच भरलेले, टीपाशी धरायला हात शिल्लक नाहीत, म्हणून रेघ नाही. तर रेघ गायब झाली की काळजी. आणि फिकट रेघ हीसुद्धा रेघच, तिला "थोडंसं पॉझिटिव्ह" म्हणत नाहीत, ही चूक मी शिकलेल्या टेक्निशियनना पण करताना बघितलीये. सी लिहिलेली रेघ मात्र यायलाच हवी, ती नसेल तर पट्टीच वाया.

पण तुम्हाला पूर्ण खूश करून पाठवणार नाही मी. तुम्ही सँपल कुठून घेतलं? कमोडमधून. म्हणजे मुलाची लघवी किती आणि टाकीचं पाणी किती हे देवाला ठाऊक, वर तो निळा-हिरवा क्लीनर असेल तर अँटिबॉडीचं काय झालं असेल तेही सांगता येत नाही. तेव्हा तुमच्या या टेस्टमधून "घेतो" हेही कळलं नाही आणि "घेत नाही" हेही कळलं नाही. खरोखरीच्या कलेक्शनला कमोडच्या पाण्यात मुद्दाम निळा रंग टाकून ठेवतात, नळ बंद ठेवतात, ते याचसाठी की त्यात पाणी मिसळता येऊ नये.

आता आईपणाचं. चोरून टेस्ट करू नका हो. समजा खरंच पॉझिटिव्ह निघाली असती, मग? "मी तुझी लघवी तपासली" हे वाक्य बोलून पुढे काय बोलणार होतात? माझ्या पाहण्यात एक घर आहे, तिथे बापाने असंच केलं, मुलगा निर्दोष निघाला आणि तरी दोन वर्षं बापाशी बोलला नाही. लाल डोळे झोप नसल्याने होतात, रात्रभर मोबाइल बघून होतात, डोळे आले तर होतात आणि हो, गांजाने पण होतात. विचारा. चिडला तर दुसऱ्या दिवशी परत विचारा, पोहे खाताना विचारा, समोरासमोर बसवून नको. आणि काही असलंच तर 14446 हा सरकारचा नशामुक्तीचा टोल फ्री नंबर आहे, तिथे आईलाही बोलता येतं. बऱ्याच जणींना भीती असते की बोललं तर पोलिसात जाईल, तर एनडीपीएस कायद्यातच, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच, 64ए कलम आहे, जो व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला जातो त्याला सेवनाच्या गुन्ह्यातून सूट मिळू शकते, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न: नमस्कार ताई. मी 24 वर्षांचा, जहाजावर जॉइन होणार होतो. मेडिकलमध्ये ओपिएट्स पॉझिटिव्ह आलं. आयुष्यात सिगरेटसुद्धा ओढली नाही. आजी मला झोप येत नाही म्हणून आठ-दहा दिवस रोज रात्री खसखशीचा शिरा करून देत होती, शिवाय दिवाळीचे अनारसे होतेच. कंपनीचा माणूस हसला, म्हणाला सगळे हेच सांगतात. खसखशीने खरंच होतं का?
सुदामानगर, इंदूर

उत्तर: होतं. ओपिएट्स म्हणजे अफूतून येणारे पदार्थ, मॉर्फिन, कोडीन वगैरे, आणि खसखस हे अफूच्याच झाडाचं बी. आणि आपण माळव्यातली माणसं, आपल्याला हे कुणी शिकवायला नको. इथून नीमच-मंदसौरकडे जाताना फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांची शेतं दिसतात ना, तीच. सरकारी पट्टा, म्हणजे परवाना मिळालेला शेतकरी डोड्याला (बोंडाला) चिरा लावतो, चीक गोळा करतो, ती अफू नीमचच्या सरकारी कारखान्यात जाते आणि डोड्यात उरलेलं बी आपल्या डब्यात. या सगळ्या परवान्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. बियात स्वतःमध्ये मॉर्फिन जवळजवळ नसतं, पण तोच चीक बियांना बाहेरून लागलेला असतो. कुठल्या शेतातली, धुतलेली का न धुतलेली, भाजली किती, यावर सगळं ठरतं, म्हणून एका पुड्यात काहीच नाही आणि दुसऱ्या पुड्यात बऱ्यापैकी असं होतं.

आम्ही हे करून बघितलंय. लॅबमध्ये नवीन पट्ट्या आल्या होत्या, 300 कट-ऑफच्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 300 नॅनोग्रॅम किंवा जास्त असलं की पॉझिटिव्ह. मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी घरून खसखशीची खीर आणली, एकाच पातेल्यातली वाटी-वाटी खाल्ली आणि दर दोन तासांनी पट्टी. दुपारी माझी रेघ गेली. अक्षरशः गेली, मी पट्टी हातात धरून उजेडात बघतेय. तिची शेवटपर्यंत होती. एकच खीर! मी त्या दिवशी पाणी कमी प्यायले होते बहुतेक. तेव्हापासून पट्टीवरून कुणाला नाव ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

आणि हे फक्त आमच्या खिरीचं नाही. अमेरिकेत सरकारी नोकऱ्यांच्या तपासणीत हाच 300 चा आकडा होता, बेकरीतल्या खसखशीच्या पावामुळे एवढे लोक अडकायला लागले की 1998 मध्ये तो सरळ 2000 केला. तरी भरपूर खसखस खाल्ली तर 2000 पण ओलांडता येतं. अनारशावर चिकटलेली खसखस म्हणशील तर ती चमचाभर, त्याचं मला विशेष वाटत नाही, पण आजीचा शिरा म्हणजे वाटीभर वाटलेली खसखस आणि तीही रोज, ते वेगळं प्रकरण.

तर तू हे कर. पहिलं, रिपोर्ट नीट वाच, त्यावर "स्क्रीनिंग" लिहिलंय का. स्क्रीनिंगचा निकाल हा निकाल नसतो, तो "पुढे बघा" असा शेरा असतो. कन्फर्मेशन जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस मशीनवर, म्हणजे पदार्थ वेगवेगळे करून एकेक रेणू ओळखणाऱ्या मशीनवर होतं, ते झालंय का आणि कट-ऑफ काय होता ते लेखी माग. दुसरं, त्यांना 6-एएम बघायला सांग, म्हणजे 6-असिटिलमॉर्फिन. हेरॉइन शरीरात गेलं की आधी त्याचं हे होतं आणि मग मॉर्फिन. खसखशीत हेरॉइन नाही, त्यामुळे शिरा खाऊन 6-एएम येणार नाही. फक्त हेही खरं की 6-एएम एक दिवसाच्या आत लघवीतून निघून जातं, म्हणजे ते सापडलं तर हेरॉइन नक्की, नाही सापडलं म्हणजे हेरॉइन नक्की नाही असं होत नाही. हसणारा माणूस याच फटीचा फायदा घेईल म्हणून आधीच सांगून ठेवते. तिसरं, सर्दी-खोकल्याचं कोडीनवालं सिरप घेतलं होतंस का ते आठव, कोडीनचं लिव्हरमध्ये काही प्रमाणात मॉर्फिन होतं आणि तिथे चिठ्ठी दाखवली की विषय संपतो.

आणि जहाज दुबईला लागणार असेल तर आजीने बॅगेत खसखस घातलेले डिंकाचे लाडू भरू नयेत हे प्रेमाने सांग. आपल्या कायद्यात खसखस अजिबात गुन्हा नाही, व्याख्येतूनच बी वगळलंय, पण अमिरातीत आणि सिंगापूरला तीच खसखस बंदी असलेला माल आहे आणि तिथे "आमच्याकडे किराण्यात मिळते" हे कुणी ऐकत नाही.

प्रश्न: पुतण्या कुस्ती खेळतो, राज्य पातळीपर्यंत गेलाय. महाशिवरात्रीला आमच्याकडे प्रसादाची भांग असते, पिढीजात आहे. स्पर्धा पुढच्या महिन्यात. भांग तर सरकारी ठेक्यावर मिळते, मग त्यात अडचण काय? आणि पाणी भरपूर प्यायल्यावर निघून जाते म्हणतात ते खरं का?
एक काका, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर: काका, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण खरा प्रश्न तोच दिसतोय. टेस्ट कशी चुकवायची ते मी सांगणार नाही आणि पाण्याने तर जमतही नाही. पातळ लघवी लॅबला लगेच कळते, क्रिएटिनिन (शरीरातून सतत लघवीत येणारा पदार्थ) डेसिलिटरमागे 20 मिलिग्रॅमच्या खाली गेलं की खूण, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवीचा दाटपणा, उतरली की खूण, नोकरीच्या तपासण्यांत तर बाटलीला चिकटवलेली तापमानाची पट्टी चार मिनिटांच्या आत 32 ते 38 डिग्री दाखवते का ते पण बघतात. खेळाडूंचं त्याहून कडक असतं, समोर माणूस उभा, कमीत कमी 90 मिलिलिटर लागतं, खेळाडू स्वतः किट निवडतो, स्वतःच्या हाताने ए आणि बी बाटल्या सील करतो. लघवी फारच पातळ निघाली तर बसा परत, दुसरं सँपल होईपर्यंत सोडत नाहीत.

आता भांग. एनडीपीएस कायदा 1985 चा, त्यात गांजा म्हणजे शेंड्याची फुलं आणि चरस म्हणजे राळ, नुसती पानं त्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून भांगेचा ठेका चालतो. पण मशीनने कायदा वाचलेला नसतो ना. पान असो, फूल असो, आत नशा आणणारा पदार्थ, टीएचसी, तोच, आणि लिव्हरमधून गेल्यावर लघवीत येणारा पदार्थही तोच, त्याला कार्बॉक्सी-टीएचसी म्हणतात. लॅबला "महादेवाचा प्रसाद" आणि "कट्ट्यावरचा गांजा" यात फरक दिसत नाही आणि दिसणारही नाही.

हा पदार्थ चरबीत जाऊन बसतो हा त्याचा खोडकरपणा. दारू पाण्यात विरघळते, निघून जाते. हा चरबीत मुक्काम करतो आणि थोडा थोडा बाहेर येतो. एखाद्याने वर्षातून एकदा घेतली तर तीनेक दिवसांत लघवी साधारण कट-ऑफच्या खाली जाते, रोज घेणाऱ्याला महिनाभर, कधी त्याहून जास्त. खेळात वाडाने, म्हणजे उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने, 2013 पासून मर्यादा 150 नॅनोग्रॅम केली आहे, नोकरीच्या तपासणीतल्या 50 पेक्षा सैल, आणि बंदी फक्त स्पर्धेच्या वेळेपुरती आहे. म्हणजे महिन्याआधीच्या एका ग्लासाने पुतण्या अडकेल असं मला वाटत नाही, पण "एक ग्लास" हे आपल्याकडे कसं असतं ते तुम्हाला माहीत, मला माहीत. गोळी किती, कुणी वाटली, दुसऱ्यांदा कुणी आग्रह केला. पिढीजात असेल तर या वर्षी त्याने हातावर घेऊन कपाळाला लावावी, महादेव काही रागवायचे नाहीत.

बाजूला बसून धूर गेला तर? हे पण तुमच्याच पत्रात मागे लिहिलंय. दारं-खिडक्या बंद करून गच्च धुरात तासभर बसवून प्रयोग झालेत, तेव्हा काही जण थोड्या वेळापुरते पॉझिटिव्ह आले. पण त्या खोलीत डोळे उघडे ठेवणं मुश्कील. गेरमधे, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, कुणी शेजारी ओढत होतं याने होत नाही.

प्रश्न: मामी म्हणून विचारते. भाचा आमच्याकडे शिकायला आहे, बडोद्यात. तो एमडी घेतो हे मला त्याच्या मित्राने स्वतः सांगितलं. तो म्हणाला टेस्ट करा हवी तर, आम्ही लॅबमध्ये केली, पाच ड्रग्सचं पॅनल, सगळं निगेटिव्ह. आता तो आमच्यावरच शेर झालाय. मित्र खोटं बोलला का?
दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: मित्र खोटं बोलला असेल किंवा नसेल, पण रिपोर्टवरून ते ठरत नाही. जे शोधलंच नाही ते सापडलं नाही, एवढाच त्या कागदाचा अर्थ.

पाच ड्रग्सच्या पॅनलमध्ये बहुधा गांजा, ओपिएट्स, कोकेन, अँफेटामाइन आणि पाचवं लॅबप्रमाणे बेंझो (झोपेच्या गोळ्यांचा एक गट) नाहीतर आणखी काही असतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, 2015 मध्ये ते एनडीपीएसच्या यादीत घातलं. लोकांना वाटतं एमडी म्हणजे अँफेटामाइनच्या घरातलंच, मग त्या पट्टीवर यायला हवं. घर एकच, चेहरा वेगळा. अँटिबॉडी चेहरा ओळखते आणि ती ज्या चेहऱ्यावर शिकवली त्याच्यासारखाच दिसला तर धरते. मेफेड्रोनच्या रेणूवर एक ऑक्सिजन जास्त आहे, एवढ्याने नेहमीच्या अँफेटामाइनच्या पट्टीची नजर चुकते, भरपूर असलं तर कधी दिसतं, कधी नाही. त्यासाठी एलसी-एमएस-एमएस लागतं आणि तेही लॅबकडे मेफेड्रोनचं शुद्ध स्टँडर्ड असेल तर, नाहीतर मशीन कुणाशी ताडून बघणार? तर टेस्ट करायची असेल तर आधी फोन करून विचारा "तुमच्या यादीत मेफेड्रोन नावाने आहे का", आहे म्हणाले तर जा. आणि किती दिवसांनी गेलात तेही बघा, अशा उत्तेजक गोष्टी लघवीत दोन-तीन दिवस, फार तर चार. त्याने "करा हवी तर" कधी म्हटलं, शनिवारी का गुरुवारी?

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये कारण मी पोलिसी सल्ला देतेय असं वाटतं. मामी, तुम्ही हे पण बघा: वजन उतरलंय का, दोन रात्री जागा आणि मग चौदा तास झोप असं होतंय का, पैसे मागण्याचं कारण दर वेळी बदलतंय का. आणि त्याच्या आईवडिलांना सांगितलंत का? पत्रात त्यांचा उल्लेखच नाही.

प्रश्न: मॅम, एमएससी बायोकेम करतेय. मशीनला कसं "कळतं" की हा टीएचसीच आहे? सरांनी स्लाइड दाखवली आणि पुढे गेले.
विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर: सर लोक पुढेच जातात. ऐक.

लघवीत कार्बॉक्सी-टीएचसी मोकळं कमी आणि साखरेसारख्या ग्लुकुरोनिक आम्लाला बांधलेलं जास्त असतं, तर आधी अल्कलीने ती गाठ सोडवायची. मग ते बाहेर काढायचं, वाळवायचं आणि त्याला बीएसटीएफए नावाचं रसायन लावून टीएमएसचं (सिलिकॉनवाल्या गटाचं) शेपूट जोडायचं, नाहीतर ते वाफ व्हायला तयार होत नाही. मग जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी. आत केसासारखी बारीक नळी, 30 मीटर लांब, आतली पोकळी पाव मिलिमीटर, गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवलेली. प्रत्येक पदार्थ आपापल्या चालीने बाहेर पडतो, त्याची वेळ ठरलेली. ही पहिली ओळख. बाहेर पडला की त्यावर 70 इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन मारतात, रेणू फुटतो, आणि तो दर वेळी तसाच फुटतो. आपल्याकडच्या या पाहुण्याचे तुकडे 371, 473 आणि 488. तीनही हवेत आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण स्टँडर्डशी जुळायला हवं, वीसेक टक्क्यांच्या आत. वेळ जुळली आणि तुकडे नाहीत तर नाही. तुकडे जुळले आणि वेळ नाही तरी नाही.

आणि सगळ्यात सुंदर गोष्ट तर सरांनी सांगितलीच नसणार. सुरुवातीलाच प्रत्येक सँपलमध्ये त्याच पदार्थाची जड भावंडं टाकतात, हायड्रोजनच्या जागी त्याचंच जड रूप, ड्यूटेरियम घातलेली. ती सगळ्या वाटेवर सोबत असतात, काढताना अर्धा माल सांडला तर दोघांचा सारखाच सांडतो, म्हणून शेवटी गुणोत्तरावरून आकडा बरोबर निघतो. मला अजून आठवतं, पहिल्यांदा स्क्रीनवर 371 आणि शेजारी भावंडाचं शिखर एकाच क्षणी उठलेलं बघितलं, चहा गार झाला.

पण एक सांगते, मशीन कधी चुकत नाही असं म्हणणाऱ्यांना विचार, बाटली कुणाची? एका लॅबमध्ये, कुठली ते जाऊ दे, ट्रेमध्ये पांढऱ्या झाकणाच्या दोन बाटल्या, दोन्हींना लेबल नाही, आणि मुलगा मला म्हणतो "मॅडम, डावीकडची पाटील साहेबांची, मला लक्षात आहे". दोन्ही फेकायला लावल्या, तो दिवसभर फुगून बसला. तुझ्या 30 मीटरच्या नळीला पाटील कोण ते माहीत नसतं. लेबल माणसासमोर लावायचं, सील त्याच्यासमोर, सही त्याची, आणि बाटली कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली त्याचा कागद. कोर्टात केस पडते ती बहुतेक इथे.

प्रश्न: यांना चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेलं, तिथे लघवीत बेंझो पॉझिटिव्ह. मोठ्या जावेने "भाऊजी नशा करतात" असं सगळ्या ग्रुपवर कळवलं. हे दहा वर्षं डॉक्टरांनी दिलेली झोपेची अर्धी गोळी घेतात, अल्प्राझोलाम. टेस्ट खोटी आली का?
स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर: टेस्ट खरी आली, जाऊबाई खोट्या. गोळी त्याच गटातली आहे, म्हणून ती दिसली. चिठ्ठी कॅज्युअल्टीत दाखवायला हवी होती, त्यांनी ती टेस्ट नशेसाठी नाही, चक्कर कशाची ते बघायला केली असणार. गंमत म्हणजे गोळी क्लोनाझेपाम असती तर कित्येक पट्ट्यांवर दिसलीही नसती, ते शरीरात रूप बदलून बाहेर येतं. आणखी, ओफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकनी काही पट्ट्या ओपिएट दाखवतात, खोकल्याच्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनने पीसीपी (नशेचाच एक पदार्थ) दाखवतात, सर्दीच्या स्यूडोएफेड्रिनने अँफेटामाइन. यातलं काहीही मशीनवर टिकत नाही. टेस्टला जाताना गेल्या पंधरा दिवसांतल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या. आणि गोळी अचानक बंद करू नका जाऊबाईंच्या धाकाने, दहा वर्षांची सवय एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, कमी करायची तर डॉक्टरच हळूहळू करतील.

प्रश्न: नव्या नोकरीत केसांची टेस्ट आहे म्हणतात. वडील गेले, मागच्या आठवड्यात मुंडन झालं. आता त्यांना वाटेल मी मुद्दाम केलं. काय करू?
परदेशीपुरा, इंदूर

उत्तर: वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळापासून तीनेक सेंटिमीटर कापून घेतले की मागचे तीन महिने वाचता येतात. तुझ्याकडे आत्ता ते नाहीतच. अशा वेळी छातीचे किंवा हातापायाचे केस घेतात, पण त्यांची वाढ डोक्यासारखी नसते, त्यामुळे "कोणत्या महिन्यात" हे त्यावरून सांगता येत नाही, फक्त आहे का नाही एवढंच. कलेक्शनच्या आधी एचआरला एक साधा मेल टाक, तारीख आणि कारण लिही, आणि फॉर्मवर शेऱ्याच्या जागी "वडिलांच्या निधनानंतर मुंडन" असं स्वतः लिहून सही कर. लघवीची टेस्ट चालेल का ते पण त्यातच विचार. इथल्या माणसाला हे समजावं लागत नाही, पण रिपोर्ट बेंगळुरूला किंवा आणखी कुठे कुणी वाचणार, त्याला तुझं डोकं दिसणार नाही.